बारा किलोंची बॅग

मी सत्तावीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली. म्हणजे सत्तावीस वर्षं मी झाडाखाली खुर्चीत बसून शिट्टी वाजवली आणि मुलं धावली. शिट्टीला दम लागतो, नाही कशाला म्हणू? पण तो दम वेगळा आणि डोंगर चढायचा दम वेगळा, हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. तेही बायको, मेहुणा आणि मेहुण्याची बायको अशा तीन साक्षीदारांसमोर.

माझी बायको सुनंदा प्रसूतिगृहात नर्स आहे. एका संध्याकाळी ती ड्युटीवरून आली, पर्स सोफ्यावर टाकली आणि म्हणाली, "मी मे महिन्यात हिमालयात ट्रेकला चाललेय."

"कोणाबरोबर?"

"मिलिंद आणि अश्विनी. सात दिवस आहेत. तुम्हाला यायचं असेल तर या."

लग्नाच्या पंगतीत शेवटी मठ्ठा विचारतात ना, तसं! आता मला हिमालयाची काडीची हौस नव्हती. मला विक्रोळीतसुद्धा हवा पुरते. पण बायको तिच्या भावाबरोबर बर्फात फोटो काढणार आणि मी इथे दूधवाल्याला दार उघडणार, हे चित्र काही बरं दिसेना.

"मीही येतोय," मी म्हटलं. "आणि तुमच्या ट्रेनिंगचं काय?"

"त्या ट्रेकवाल्यांनी पीडीएफ पाठवलीय."

"पीडीएफ! घरात पी.टी.चा सर असताना पीडीएफ?"

सुनंदाने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि ती चहा टाकायला गेली. तिची संमती आहे असं मी गृहीत धरलं.

मिलिंदला विचारायचा प्रश्नच नव्हता. माझं लग्न झालं तेव्हा तो शाळेत होता आणि शिट्टीवाल्या माणसाबद्दल त्या वयात वाटणारा आदर त्याच्यात अजून शिल्लक आहे. आता तो अंधेरीला एका मोठ्या गोदामात सुपरवायझर आहे, खोकी उचलून उचलून दंड भोपळ्यासारखे झालेत, पण मला म्हणतो, "भावोजी, तुम्ही सांगाल तसं." त्याची बायको अश्विनी घरीच पार्लर चालवते. तिचा हात थांबत नाही आणि तोंड तर त्याहून नाही.

मी लगेच 'मिशन हिमालय' नावाचा ग्रुप काढला. रोज पहाटे पाच वाजता त्यावर 'उठा! शिखर वाट पाहतंय!' असा मेसेज टाकायचो आणि परत झोपायचो. (कोचने पुरेशी झोप घेतली पाहिजे.) दर रविवारी मिलिंद-अश्विनी आमच्याकडे यायची आणि तिघं मिळून आमच्या बिल्डिंगचे सात मजले दहा-दहा वेळा चढायची. मी खाली लेटरबॉक्सपाशी उभा राहून मोजायचो आणि शिट्टी वाजवायचो. चौथ्या रविवारी सुनंदा सातव्या मजल्यावरून आली तेव्हा तिचा श्वासही वर-खाली होत नव्हता.

"तुम्ही कधी चढणार?"

"मी निरीक्षण करतोय."

"बरं. हिमालयात खुर्ची लागेल का निरीक्षणाला? तसं कळवायला हवं."

मी शिट्टी वाजवली. सत्तावीस वर्षांचा अनुभव आहे, शिट्टीला उलट उत्तर कोणी देत नाही.

पुढे त्या पीडीएफच्या तिसऱ्या पानावर लिहिलेलं निघालं, की ट्रेकच्या आधी पाठीवर वजन घेऊन एकेका दिवसाचे डोंगर चढा. मी कर्जतकडचा एक डोंगर निवडला. नाव सांगत नाही, कारण नेटवर त्याच्यापुढे 'अगदी सोपा, लहान मुलांसाठी योग्य' असं लिहिलंय. मार्चमधला रविवार ठरला. प्रत्येकाने बॅगेत आठ किलो तांदूळ भरून आणायचा, असा हुकूम मी ग्रुपवर सोडला.

लगेच अश्विनीचा फोन आला. "आणि तुम्ही किती घेणार, भावोजी?"

आयुष्यातल्या माझ्या बहुतेक चुका 'आणि तुम्ही?' या प्रश्नानंतरच्या एका सेकंदात झालेल्या आहेत.

"बारा!" माझं तोंड म्हणालं. मी त्याला थांबवेपर्यंत ते पुढे गेलं. "शिवाय सगळ्यांचं पाणी माझ्याकडे. तुम्ही एकेक छोटी बाटली घ्या फक्त."

"बाप रे! मिलिंद, ऐकलंस का? भावोजी बारा किलो!"

शनिवारी दुपारी मी बेडरूमचं दार लावून बारा किलो भरले. आठ लिटर पाणी आणि चार किलो तांदूळ. बॅग जमिनीवरून गुडघ्यापर्यंत उचलली आणि कंबरेत कोणीतरी सुपारी फोडल्यासारखा आवाज झाला. मी तसाच वाकलेल्या अवस्थेत दहा मिनिटं विचार केला. खरं सांगायचं तर भीती वाटली. डोंगराची नाही. आपण सगळ्यांच्या मागे राहू आणि सुनंदा वळून बघेल, त्याची.

मग मी तांदूळ डब्यात परत ओतला. पाणी मोरीत ओतलं. माळ्यावर जुन्या गणपतीच्या मखराचा थर्माकोल दडवून ठेवला होता, (आता बंदी आहे, टाकायचा कुठे?) तो बॅगेत भरला. राहिलेल्या जागेत एक उशी कोंबली. रिकाम्या बाटल्या वर रचल्या. बाटल्या स्टीलच्या. स्टीलच्या बाटलीचं एक बरं असतं, आत काही आहे की नाही ते बाहेरून कळत नाही. आम्हा मास्तर लोकांसारखंच. बॅग कशी टम्म फुगली! वजन फार तर तीन किलो. पायथ्याच्या गावात नळ असणारच, तिथे गुपचूप बाटल्या भरू, असा माझा बेत होता.

रविवारी मिलिंदच्या गाडीने आम्ही पायथ्याशी पोहोचलो. नळ होता. नळाला पाणीही होतं. पण नळाशेजारी सुनंदा बुटाची नाडी बांधत उभी होती! आता रिकाम्या बाटल्या भरायच्या, तर आधी त्या रिकाम्या आहेत हे कबूल करायला हवं. मी नळाकडे पाहिलं, नळाने माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही एकमेकांना ओळख दाखवली नाही. वर टाकं आहे, त्याला बारा महिने पाणी असतं, असंही नेटवर वाचलेलं होतं. तिथे भरू!

मी शिट्टी मारली आणि सगळ्यांत पुढे निघालो.

काय सांगू, पहिला तास माझ्या आयुष्यातला सर्वांत गौरवाचा तास होता. तीन किलो घेऊन मी हरणासारखा चढत होतो (जरा पोक्त हरीण). मागून आठ-आठ किलोंची तिघं घामाघूम होऊन येत होती आणि मिलिंद सांगत होता, "बघ अश्विनी, बघ! बारा किलो पाठीवर आहेत आणि स्पीड बघ. याला म्हणतात स्टॅमिना!"

अशा वेळी गप्प बसावं ना? मी मध्येच थांबून पट्ट्यात अंगठे घालायचो, 'हुं' करून ओझं सावरायचो आणि म्हणायचो, "वजन पाठीवर नसतं रे मिलिंद, मनावर असतं."

"नोट कर अश्विनी," मिलिंद म्हणाला.

दहा वाजेपर्यंत ऊन तापलं आणि त्यांच्या छोट्या बाटल्या संपल्या.

"भावोजी, पाणी द्या ना," अश्विनी म्हणाली.

"आत्ता नाही."

"म्हणजे?"

"हिमालयात असं दर दहा मिनिटांनी पाणी मागणार का? शरीराला सवय लागली पाहिजे."

"अहो, शरीराला सवय नाही लागत, चक्कर येते," सुनंदा म्हणाली. "द्या पाणी तिला."

"वर टाक्यापाशी पोहोचलो की सगळे पिऊ. शिस्त म्हणजे शिस्त!"

आणि मी शिट्टी वाजवली. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. लेबर रूमबाहेर 'सिस्टर, अजून किती वेळ?' असं चौथ्यांदा विचारणाऱ्या नवऱ्याकडे ती जसं बघत असेल, तसं. पण मिलिंद होता ना! "ताई, भावोजींचं काहीतरी कॅल्क्युलेशन असेल," तो म्हणाला, आणि कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत पुढे चालू लागला. मला त्या क्षणी थोडी लाज वाटली. अगदी थोडी, चढ बराच होता.

साडेअकराला माथ्यावर पोहोचलो. टाकं होतं. दगडात कोरलेलं, ऐसपैस. तळाला हिरवट चिखल, त्यात एक तुटकी चप्पल आणि तिच्यावर बसलेला एक बेडूक. तोही आमच्याकडे आशेने बघत होता.

"ठीक आहे, हे पाणी कोणाला हवंय?" सुनंदा म्हणाली. "आपलं आहे ना. काढा बाटल्या."

माझ्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या. मिलिंदने त्या पाहिल्या आणि त्या भल्या माणसाचा जीव कळवळला.

"भावोजी, किती ओढाल एकट्याने? द्या ती बॅग इकडे, मी उतरवतो."

"नको! मी करतो."

"अहो द्या हो!"

"मिलिंद, सोड!"

"भावोजी, बास झालं. एवढा त्याग नका करू!"

आणि मिलिंदने बॅगेचं वरचं हँडल धरून ती बारा किलोंच्या हिशोबाने, गोदामातल्या ताकदीने उपसली. बॅग तीन किलोची! ती माझ्या खांद्यातून सुटली, मिलिंदच्या डोक्यावरून गेली, पतंगासारखी गिरकी घेतली आणि पलीकडच्या उतारावर एका खडकावर आपटून उघडली. बाटल्या बाहेर पडल्या आणि टण्‌, टण्‌, टण्‌ करत खाली गेल्या. भरलेल्या बाटलीचा आवाज असा येत नाही, हे पार्लरवालीलाही कळतं. मागोमाग थर्माकोलचा एक सोनेरी कळस निघाला. शेवटी उशी एका झुडपावर जाऊन अलगद बसली.

मिलिंदने आधी आपल्या हाताकडे पाहिलं, मग झुडपावरच्या उशीकडे.

"भावोजी," मिलिंद म्हणाला, "बॅग हलकी होती." देव्हाऱ्यातला चांदीचा देव घासताना खालून प्लॅस्टिक दिसावं, तसा त्याचा आवाज झाला होता.

"ती माझी मोराची उशी आहे," सुनंदा म्हणाली. "काल संध्याकाळी तासभर शोधत होते मी."

"ते सोडा ना ताई," अश्विनी म्हणाली. "पाणी कुठेय?"

"पाणी... खाली आहे," मी म्हणालो.

"खाली कुठे?"

"गावात. नळाला."

अश्विनी काहीतरी बोलणार होती, पण तिने नुसतंच तोंड उघडलं आणि ती मटकन खाली बसली. चेहरा पांढरा. अश्विनी गप्प झाली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. चोवीस किलो तांदूळ, मोराची उशी, एक मखर आणि पाण्याचा थेंब नाही! शिट्टी गळ्यात लोंबत होती, पण वाजवून काय करणार?

सुनंदाने एका मिनिटात ताबा घेतला. अश्विनीला खडकाच्या सावलीत आडवं केलं, पाय बॅगेवर उंच ठेवले, नाडी बघितली. मग स्वतःच्या बॅगेतून तांदळाच्या पिशवीखाली हात घालून अर्धी भरलेली बाटली आणि दोन संत्री काढली.

"तुझ्याकडे पाणी होतं?" मी विचारलं.

"सव्वीस वर्षं झाली लग्नाला. तुमच्या भरवशावर घराबाहेर पडते का मी?"

घोट-घोट पाणी आणि संत्र्याच्या फोडी पोटात गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांत अश्विनीला रंग आला. ती उठून बसली आणि पहिलं वाक्य बोलली, "भावोजी, निदान मखरात गणपती तरी आणायचा होतात, नवस बोलले असते." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! ती बोलत होती म्हणजे धोका टळला होता.

दरम्यान सुनंदाने मला उतारावर पाठवून थर्माकोलचा कण न् कण वेचायला लावला. "डोंगर आपला माळा नाही," ती म्हणाली. नंतर तिने अश्विनीची बॅग माझ्यापुढे आणून ठेवली. "आता हे आठ किलो तुम्ही घ्या. वजन मनावर असतं ना?"

उतरताना माझे गुडघे दोन वेगवेगळ्या दिशांना जात होते. मिलिंद माझ्या मागे होता. एरवी त्याने हात दिला असता. आता तो नुसता म्हणत होता, "सावकाश, भावोजी." 'तुम्ही सांगाल तसं'मधला तो जुना सूर कुठेच नव्हता. पाठीवरच्या आठ किलोंपेक्षा ते जास्त टोचलं.

अर्ध्या वाटेवर डावीकडे झाडीत धूर दिसला. चार-पाच घरांची ठाकरवाडी होती. पहिल्याच घराच्या अंगणात साठीची एक बाई काटक्या मोडत बसली होती. भागीबाई तिचं नाव. आम्हाला बघून तिने काही न विचारता आत जाऊन हंडा आणि पितळी गडू आणला. आम्ही चौघं प्यायलो. प्यायलो म्हणजे काय, हंड्याचा तळ दिसेपर्यंत प्यायलो.

मग तिने आमच्या बॅगांकडे पाहिलं. "काय हाय यात?"

"तांदूळ," सुनंदा म्हणाली.

"वर कोण राहतंय? कुणाला नेला व्हता?"

"कोणाला नाही. वर नेला आणि परत आणला."

भागीबाईने काटकी खाली ठेवली. "उतरला नाय? तसाच परत आणला?"

"हो."

"कशापायी?"

"ते सरांना विचारा," सुनंदा म्हणाली.

भागीबाई माझ्याकडे वळली. मी ताकद, सराव, उंचावरची विरळ हवा असं बरंच समजावलं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं, नि मग सुनंदाला हळूच विचारलं, "डागदरला दाखवलं का?"

अश्विनी हसता हसता पुन्हा आडवी झाली. या खेपेला नाडी बघावी लागली नाही.

"आमचं पाणी प्यालात, चांगलं झालं," भागीबाई म्हणाली. "पर हंडा रिता झाला. मला खाली झऱ्यावर जायला लागंल आता." तिने बोटाने दाखवलं. झरा खाली दरीत, दहा मिनिटांच्या उतारावर होता. दिवसातून चार खेपा ती करते, असं तिने भाजीला जाते म्हणावं तसं सांगितलं.

"तुम्ही बसा," सुनंदा म्हणाली. "सर जातील."

मी मिलिंदकडे पाहिलं. मिलिंद त्या क्षणी आकाशात एक पक्षी बघत होता.

रिकामा हंडा घेऊन खाली जाणं सोपं होतं, रिकाम्या भांड्यांची मला सवय होती. भरलेला हंडा वर आणताना मात्र डोंगर म्हणजे काय ते समजलं. डोक्यावर घेतला तर मान आत जाते, पोटाशी धरला तर पाय दिसत नाहीत, खांद्यावर घेतला तर कानात पाणी. तीनदा घसरलो. अंगणात पोहोचलो तेव्हा हंडा निम्मा होता आणि मी पूर्ण भिजलेला.

भागीबाईने हंड्यात वाकून पाहिलं. "वाटंत कुणाला पाजलं का?"

दुसरी खेप. मग तिसरी. तिसऱ्या खेपेला तिने स्वतः माझ्या खांद्यावर फडक्याची चुंबळ करून ठेवली आणि सांगितलं, "हात सोडू नका, आन् घाई करू नका. पाणी कुठं पळून नाय जात, तुमीच पळवताय त्याला." सत्तावीस वर्षांत मला असा कोच मिळाला नव्हता. तिसरा हंडा गळ्यापर्यंत भरलेला आला! मी वळून बघितलं. टाळ्या नाहीत. चुलीवर आमच्याच तांदळाचा भात रटरटत होता आणि तिघं शेळीच्या करडाशी खेळत होती. भातावर भागीबाईने सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. उरलेला तांदूळ सुनंदाने तिथेच ठेवला. भागीबाई आधी नको म्हणत होती. शेवटी म्हणाली, "राहू द्या. न्हाईतर हे बाबा परत वर घेऊन जातील."

परतताना गाडीत, ऐरोली आल्यावर मी म्हटलं, "मिलिंद, चुकलं माझं. अश्विनी, सॉरी गं."

"ठीक आहे हो भावोजी," मिलिंद म्हणाला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "पण ते पहाटे पाचचे मेसेज... तुम्ही खरंच उठायचात ना?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. कधीकधी माणसाने एका दिवसात एवढंच कबूल करावं.

त्या संध्याकाळी सुनंदाने ग्रुपच्या ॲडमिनपदावरून मला काढलं आणि नवा कार्यक्रम टाकला. गेले तीन रविवार आम्ही त्याच वाडीवर जातो. ती तिघं माथ्यापर्यंत जाऊन येतात. मी वाडीवर थांबतो आणि भागीबाईच्या देखरेखीखाली पाणी भरतो. पहिल्या रविवारी तिच्या घरचं भरलं, दुसऱ्या रविवारी शेजारणीही कळश्या घेऊन अंगणात बसल्या. माझं पोट एक इंच आत गेलंय, सुनंदाने टेपने मोजून मान्य केलंय. हिमालय महिन्यावर आलाय आणि मला पहिल्यांदाच वाटतंय, की जमेल.

परवा भागीबाईचा फोन आला. तिच्या पुतणीचं लग्न आहे येत्या रविवारी, वाडीवर. सुनंदाने मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला. आपल्याला कोणीतरी मानाने बोलावतंय, म्हणून मी सरसावून बसलो.

"ताई, नक्की या बरं का," भागीबाई म्हणाली. "तुमी तिघं दुपारी जेवायलाच या. सरांना तेवढं पहाटं धाडा. दोनशे माणसांचं पाणी हाय."